परातीतलं पाणी

"मग हे पाणी मी टाकू तरी कुठे, महाराज?"

भागवत घुले परात दोन्ही हातांत धरून उभा होता. परात पितळी, जवळजवळ काठापर्यंत भरलेली, आणि तिच्यात त्याने आत्ताच रेवागिरी महाराजांचे पाय धुतले होते. महाराज पाटावर उभे होते. घरात जायचा उंबरा त्यांच्यापासून हातभर लांब होता.

"तुझं घर," महाराज म्हणाले. "तुला माहीत."

एवढं बोलून त्यांनी काठीवर दोन्ही हात टेकले.

आता हा पेच कळायचा तर रेवागिरी महाराजांची एक रीत ठाऊक हवी. चातुर्मासात ते मठ सोडून खाली गावात उतरायचे आणि चार महिने एकाच घरी राहायचे. ज्या घरी राहायचं त्याच्या दारात यजमानाने त्यांचे पाय धुवायचे आणि ते पाणी मातीत घालायचं. ते गटारात जाऊ द्यायचं नाही, कोणी ओलांडायचं नाही, तुडवायचं नाही. पाणी मातीत मुरलं की महाराज उंबरा ओलांडणार. नाही मुरलं तर काठी उचलून पुढच्या घरी. राग नाही, बोलणं नाही. त्यांच्या गुरूंपासून हे असंच चालत आलेलं होतं, आणि आजवर त्यात कोणाचं काही अडलं नव्हतं. झाडाच्या बुडाशी परात उपडी करायची, त्यात अवघड ते काय?

भागवतच्या परसात जमिनीवर मात्र आता उघडी माती नव्हती. चमचाभरसुद्धा नव्हती.

भागवत म्हणजे एकदा मनात घेतलं की घेतलं. रस्त्यांची कंत्राटं घेण्यात आयुष्य गेलेलं. घाट फोडले, ओढ्यांवर पूल बांधले, एकही काम अर्धवट टाकलं नाही. त्याचा त्याला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच होता. महाराजांचा एक चातुर्मास आपल्या घरी व्हावा ही त्याची जुनी इच्छा. दर उन्हाळ्यात डोंगर चढून विचारायला जायचा, आणि दर वर्षी महाराज हसून दुसऱ्याच कोणाकडे जायचे. कधी गुरवाच्या पडवीत, कधी गिरणीवाल्या श्रावण मुरकुटेच्या गोठ्याशेजारच्या खोलीत. गोठ्याशेजारी चार महिने राहतात आणि माझ्याकडे एक दिवस नाही, हे त्याच्या फार मनाला लागलं होतं.

गेल्या साली त्याने धीर करून विचारलं होतं, "माझ्या घरात काय कमी आहे, महाराज?"

महाराजांनी उलट विचारलं, "पावसात तुझ्या परसात चिखल होतो का रे?"

भागवत ओशाळला. "होतो, महाराज."

"बरं... पुढच्या वर्षी बघू."

झालं. भागवत डोंगर उतरला तो डोक्यात चिखल घेऊनच. अरेच्चा, म्हणजे अडलं होतं ते यामुळे. साधूपुरुष, वय झालेलं, पाय घसरला म्हणजे? त्यात परसात होतं तरी काय? बायकोचा आळू, हळदीचे दोन वाफे, कारल्याचा मांडव, कढीपत्ता आणि कुंपणाला लागून अबोली. मोरीचं पाणी सोडलेलं आळूत, त्यामुळे बारा महिने पचपच. भागवतने ठरवलं, इथे आता चिखल औषधालाही राहणार नाही.

बायको कौसल्या चैत्रात भावाकडे गेली, भाच्याचं लग्न होतं. तेवढ्या दिवसांत भागवतने परस साफ करून घेतलं. मुरूम टाकला, धुमसाने ठोकून घट्ट करून घेतला, वर काँक्रीट, त्यावर काळ्या पाषाणाच्या फरश्या. मधोमध दगडी हौद, हौदाच्या कडेला खडकांचा कडा रचलेला, कड्यातून गोमुख, गोमुखाखाली महादेवाची पिंड. मोटार लावली की हौदातलं पाणी वर चढायचं, गोमुखातून पिंडीवर पडायचं आणि परत हौदात. बसायला अर्धगोल ओटा. कडेने सिमेंटच्या कुंड्या, त्यांत गोल कापलेली झाडं. प्रत्येक फरशीवर त्याने स्वतः गुडघे टेकून पातळी तपासली होती. काम देखणं झालं होतं, यात वाद नाही.

कौसल्या परत आली. पिशवी खाली ठेवली, मागच्या दारात उभी राहिली, बराच वेळ उभी राहिली.

"छान झालंय," म्हणाली.

त्यानंतर तिने मागच्या दाराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. आमटीसाठी कढीपत्ता बाजारातून यायला लागला. जुडी सोडताना ती काही बोलायची नाही, आणि भागवतला ते न बोलणंच ऐकू यायचं. पण त्याने स्वतःची समजूत घातली होती. एकदा महाराजांचा पाय घराला लागू दे, सगळं ठीक होईल.

आणि आज महाराज आले होते. उद्यापासून चातुर्मास बसणार होता. महाराजांचे गुडघे आता धरत होते, डोंगर उतरताना दोनदा बसावं लागलं म्हणे. पुढच्या वर्षी ते उतरतील की नाही, कोणी सांगावं? जे व्हायचं ते आज. भागवतने त्यांना मुद्दाम मागच्या फाटकातून आणलं, सगळं दाखवत आणलं, दारात पाटावर उभं केलं, पाय धुतले, परात उचलली...

आणि पहिल्यांदाच त्याने आपल्या परसाकडे, परातीतलं पाणी टाकायला जागा शोधणाऱ्या माणसाच्या नजरेने पाहिलं.

"हौदात घालतो, महाराज," तो म्हणाला. "स्वच्छ पाणी आहे. कमळंही आहेत."

महाराज गोमुखाकडे बघत होते. "हे पाणी येतं कुठून?"

"हौदातून. मोटार आहे."

"जातं कुठे?"

"परत हौदातच. थेंबभर वाया जात नाही, महाराज." हे सांगताना भागवतचा आवाज आपोआप वर गेला.

"मग माझ्या पायाचं पाणी तू हौदात घालणार. मोटार ते वर नेणार. आणि..."

महाराजांनी नुसतं बोट केलं. गोमुखाची धार पिंडीवर पडत होती.

भागवतच्या अंगावर काटा आला. तो हौदाच्या काठावरून असा मागे सरला की परातीतलं पाणी हिंदकळून दोन थेंब फरशीवर सांडले. आता ते कोणी ओलांडू नये म्हणून त्याने घाईघाईने उपरणं काढून पुसले. उपरणं कुठे ठेवायचं हा आणखी एक प्रश्न झाला, म्हणून ते त्याने कमरेलाच बांधलं.

मग तो तुळशीवृंदावनाकडे वळला. तेवढं एक त्याने हलवलं नव्हतं, ते दगडी होतं, आणि वर हातभर तरी माती होती.

"अहो." कौसल्या दाराच्या आतूनच बोलली. "तुळशीला पायाचं पाणी घालतात का कुठे?"

भागवत थांबला. घालत नाहीत, हे त्यालाही माहीत होतं. त्याच्या आईने पाहुण्यांच्या पायांचं पाणी नेहमी पेरूच्या बुडाशी घातलं होतं, तुळशीला कधी नाही.

"कुंडी," तो स्वतःशीच म्हणाला. "कुंडी आहे की."

त्याने एका कुंडीत परात जराशी कलती केली, अगदी जपून. पाणी आत गेलं. त्याला हायसं वाटलं. इतक्यात कुंडीच्या बुडाच्या भोकातून बारीक धार निघाली आणि फरशीवरून थेट जाळीकडे धावायला लागली. उतार त्यानेच काढला होता, आणि तो इतका बिनचूक होता की धार कुठेही अडली नाही. जाळीखाली गटाराचा पाइप. भागवतने परात खाली ठेवून धारेवर कमरेचं उपरणं सोडून टाकलं, वर हात दाबून धरले. साठी उलटलेला कंत्राटदार स्वतःच्या फरशीवर ओणवा, असं ते दृश्य.

महाराज पाटावरून बघत होते. हसले नाहीत...

भागवत उठला, परात घेतली आणि फाटकाबाहेर गेला. बाहेर कॉलनीचा रस्ता. काँक्रीटचा, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत. हा रस्ताही त्यानेच केलेला. कडेला मातीची पट्टी सोडायची होती, पण ती सोडली तर गवत माजतं म्हणून त्याने तीही बुजवली होती. लोकांनी तेव्हा त्याचं कौतुक केलं होतं.

रस्त्यापलीकडे श्रावण मुरकुटेच्या आवारात जांभळाचं झाड होतं. बुडाशी मोठं आळं, ओली माती, दोन कोंबड्या उकरत होत्या. श्रावण स्वतः दारात उभा होता. त्याला कुणकुण लागली असावी. तो बाजूला झाला, त्याने वाट करून दिली.

भागवत तिथेच थबकला. मान वळवून विचारलं, "महाराज, पलीकडे जांभळाला घालू?"

"घाल की." महाराज शांतपणे म्हणाले. "मग मीही तिकडेच राहीन."

भागवत परत आला. परात आता जड वाटत होती. महाराजांचे पाय कापत होते, ते त्याला दिसलं.

"बसून घ्या महाराज, खुर्ची देतो."

"पाणी मुरल्यावर बसेन."

"मी माणसं बोलावतो. मशिन मागवतो. सकाळपर्यंत इथे एखादं आळं करून..."

"दिवस मावळायच्या आत मला कुठेतरी टेकायचंय, भागवता."

ऊन ओट्यावरून उतरून हौदापाशी आलं होतं. इतक्या वर्षांची आस, इतकं राबणं, आणि अडलं कशापाशी, तर मूठभर मातीपाशी. त्याला महाराजांचा राग आला, मग स्वतःचा आला.

"महाराज, तुम्हीच विचारलं होतंत," तो शेवटी म्हणाला. "चिखल होतो का म्हणून. तुमच्यासाठी घालवला मी चिखल."

"मी विचारलं होतं," महाराज म्हणाले. "घालव म्हणालो नव्हतो."

मोटार घुमत होती. भागवत भिंतीपाशी गेला, बटण दाबलं, धार तुटली. एकदम सगळं शांत झालं...

मग तो दारापाशी आला आणि परात कौसल्येपुढे धरली.

"ही धर. सांडू देऊ नकोस."

तिने परात घेतली. भागवतने धोतराचा काचा मारला, मोटारीच्या खोलीतून पहार आणली आणि परसाच्या मध्ये उभा राहिला. कुठे घाव घालायचा? सगळीकडे सारखंच. एकही फरशी दुसरीहून वेगळी दिसत नव्हती. इतकं बिनचूक काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं, आणि खाली कुठे काय होतं ते त्याला आठवेना.

"अगं," तो म्हणाला. आवाज खाली आला होता. "तुझा आळू नेमका कुठे होता?"

कौसल्येने त्याच्याकडे पाहिलं. "आता विचारताय."

"हो. आता विचारतोय."

मग परात सांभाळत तिने उंबरा ओलांडला. चैत्रानंतर पहिल्यांदा ती परसात आली. फरशीवरून चालली, कुठे बघितलं नाही, कुठे मोजलं नाही, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली थांबली.

"इथे," म्हणाली. "मोरीचं पाणी इथे यायचं." पायाचा अंगठा तिने एका फरशीवर टेकवला. "ही."

भागवतने पहार उचलली.

पहिला घाव त्याच्याच काळजात बसला म्हणा. ती फरशी त्याने स्वतः निवडली होती, तिच्यात पांढरी रेघ नव्हती, डाग नव्हता. दुसऱ्या घावाला कोपरा उडाला. मग मात्र त्याने मागेपुढे पाहिलं नाही. सांध्यात पहार घालून, अंगाचा भार टाकून त्याने फरशी उखडली आणि बाजूला लोटली. खाली काँक्रीट. त्याचंच काँक्रीट, जिल्ह्यात नाव असलेलं. ते काही सहजासहजी ऐकणारं नव्हतं. घाव घातला की ठिणगी उडायची आणि पहार हातात झिणझिणायची.

आवाजाने कुंपणावर माणसं गोळा झाली. श्रावण फाटकातून आत आला, महाराजांना न्यायचंच म्हणून आला होता. भागवतचे तळहात सोललेले बघून म्हणाला, "दे इकडे, मी दोन घाव घालतो."

"नको."

"अरे, रक्त येतंय."

"येऊ दे."

श्रावण मागे सरला आणि ओट्यावर जाऊन बसला.

काँक्रीट फुटलं. खाली मुरूम, दाबून दगडासारखा झालेला. भागवत खाली बसला, हातांनी मुरूम उपसला, आणि मान वर करून म्हणाला, "बघू, घाल थोडं."

कौसल्येने परातीतून ओंजळभर पाणी सोडलं. पाणी मुरमावर चकाकत राहिलं. सगळे बघत होते. ते जागचं हललं नाही.

"नाही मुरत," महाराज म्हणाले.

भागवतने श्वास घेतला, घाम पुसला, पुन्हा पहार धरली. ऊन हौदावरून भिंतीवर चढलं. तो आता कोणाकडे बघत नव्हता. महाराज राहतील की जातील, हेसुद्धा त्या वेळी त्याच्या डोक्यात नसावं. खाली माती आहे, आणि तिच्यापर्यंत जायचं आहे, एवढंच.

मुरूम संपला. पहारेचं टोक मऊ जागी घुसलं. वास आला आधी, मग दिसली. काळी, ओलसर, अजून ओलसर. भागवतने मूठ भरली आणि तसाच बसून राहिला.

"थांबा," कौसल्या म्हणाली. ती वाकून बघत होती. "हलवू नका. तो बघा."

मातीत आळूचा कंद होता. वर उजेड मिळेना म्हणून बिचाऱ्याने आडवा कोंब काढला होता, बोटभर, पांढराफटक. कौसल्येच्या डोळ्यांना पाणी आलं. तिने ते लपवलं नाही.

"मला वाटलं मेलं सगळं," ती म्हणाली.

"विचारायला हवं होतं तुला," भागवत म्हणाला.

"हवं होतं," ती म्हणाली.

मग तिने परात खड्ड्यावर उपडी केली. पाणी तुंबलं, गढूळ झालं, एक बुडबुडा वर आला, दुसरा आला. कडेची माती पाण्यात ढासळली. बघता बघता पाणी उतरलं, आणि खाली राहिला तो चिखल. गेल्या वर्षी असायचा तसाच, पचपचीत.



भागवत गुडघ्यांवर हात टेकत उठला. अंग मातीने भरलेलं, हात सोललेले, पण तोंडावर असा आनंद की बघणाऱ्याला हसू यावं. काम तडीस गेलं होतं. त्याने त्या खड्ड्याकडे बघितलं, आजूबाजूच्या फुटक्या कडांकडे बघितलं, आणि त्याच्यातला कंत्राटदार लगेच जागा झाला.

"काळजी नको, महाराज," तो म्हणाला. "उद्या यावर छानशी दगडी जाळी बसवतो. खाली खड्डा आहे हे कोणाला दिसणारसुद्धा नाही."

कौसल्येने कपाळाला हात लावला. श्रावण ओट्यावर खोकला.

महाराजांनी भागवतकडे पाहिलं. मग पाटाकडे, मग उंबऱ्याकडे. सावकाश काठी टेकून ते पाटावरून उतरले. पाऊल मात्र उंबऱ्याकडे पडलं नाही. फरशीवरून चालत ते खिडकीखाली आले, भागवतच्या खांद्याचा आधार घेतला आणि कंदाला जपत एक पाय खड्ड्यात ठेवला. मग दुसरा. घोट्यापर्यंत चिखल आला. त्यांनी बोटं हलवून पाहिली, आणि तिथेच, फुटक्या फरशीच्या कडेला, हळूच टेकले.

भागवत बाजूला पडलेली पहार उचलून उभा राहिला. कौसल्येने त्याच्या रक्ताळलेल्या हातांकडे पाहिलं आणि पहार घ्यायला हात पुढे केला.

"माय," महाराज म्हणाले, "पाय पुन्हा मळले. पाणी आण, ते कढीपत्त्याच्या जागी मुरवू... आणि पहार त्याच्याच हातात राहू दे."